खोडलेली नववी पायरी

पालघरच्या एका संस्थेतल्या मॅडमनी मला फसवलं आणि माझ्यामार्फत आमच्या गटातल्या सतरा बायकांना फसवलं. मी लिहून दिलेल्या अकरा पायऱ्यांतली एक त्यांनी खोडली, उरलेल्या दहा छापून बायकांच्या हातात दिल्या, आणि त्याप्रमाणे भरलेले सुके बोंबील आठवड्याच्या आत पिशव्यांत बुरसले. वर त्यांच्या अहवालात लिहिलं, ‘महिलांनी सूचनांचे पालन केले नाही.’ या एका वाक्यावरून पिशव्यांचं तोंड चिकटवायचं मशीन आमच्याकडून काढून दुसऱ्या गावाला द्यायचं ठरलं आहे. गावात बायका मला दोष देतात, अहवालात बायकांना दोष दिलाय, आणि जिने पेन चालवलं तिचं नाव कुठेच नाही.

मी तापट आहे. लोक तसं म्हणतात आणि ते खरं आहे. पण हे रागात लिहिलेलं नाही. राग येऊन दोन महिने झाले. तो अजून गेलेला नाही, एवढंच.

घिवलीत माझं सासर. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर जातो, मी सुकी मासळी विकते. सुरुवातीला बोईसरच्या बाजारात मला टोपली टेकवायला जागा नव्हती. गटाराच्या कडेला बसायचे, तिथूनही उठवायचे. आज जिथे बसते ती जागा भांडून मिळवलेली आहे, कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. सरावलीतल्या कामगारांच्या चाळींत माझी ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. भाव करताना मी तोंड उघडलं की समोरचा आधीच अर्धा खाली येतो. हे सगळं मी स्वतः शिकले, कारण शिकवणारं कोणी नव्हतं.

नव्हतं म्हणजे माणसं होती, पण शिकवायला कोणी तयार नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मोठी जाऊ बोंबील सुकवण्यात गावात पहिली मानली जायची. बांबू रोवून, त्यांना आडव्या दोऱ्या बांधून आमच्याकडे वलांडी उभी करतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करायची आणि दोरीवर टांगायची. एवढं तर वाटेवरून जाणाऱ्यालाही दिसतं. न दिसणारं असतं ते वेगळंच. कुठला मासा टांगायचा नाही, दोन जोड्यांत किती अंतर सोडायचं, पहिल्या दिवशी का शिवायचं नाही, सुकला हे कशावरून ओळखायचं. मी विचारलं की जाऊ म्हणायची, “डोळे हायत ना तुला? बघ नि शिक.” आणि बघायला गेले की पाठ करून उभी राहायची. मासा वाकवून बघायची तेव्हा तर पदरात घेऊन वाकवायची, जणू काही कोणी नजर लावणार आहे.

तिलाही कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती मला सांगायची नाही. हा आमच्याकडचा रिवाज. ज्याच्या हातात कसब आहे तो मूठ उघडत नाही, आणि मूठ मिटलेली ठेवण्याला लोक मान देतात. मला या रिवाजाची चीड आहे. याच्यामुळे माझी पहिली तीन वर्षं वाया गेली. ती वर्षं मला कोणी परत देणार नाही, जाऊ तर नाहीच.

प्लास्टिकच्या पिशव्यांचं तर गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, जावेलासुद्धा नाही. आमच्याकडे सुके बोंबील वलांडीवरून थेट गोणीत नाहीतर बांबूच्या टोपलीत जातात. सरावलीतल्या बायका गोणीतला मासा बघून नाक मुरडायच्या म्हणून मी पारदर्शक पिशव्या आणल्या. दुपारी चार वाजता कडक उन्हातून बोंबील उतरवले, तिथेच बसून भरले, मेणबत्तीवर तोंडं चिकटवली. काय सुंदर दिसत होते! तिसऱ्या दिवशी पिशवीच्या आतून घाम फुटल्यासारखे थेंब दिसले. सहाव्या दिवशी पांढरी लव. सगळा माल गेला.

जाऊ हसली. “तुला कोणी सांगितलेलं पिशवीत कोंबायला?”

“कशामुळे झालं ते सांगा,” मी म्हटलं.

“मला काय म्हाईत? मी नाय पिशवीत भरत.”

मग मी बसून शोधलं. एक पिशवी गरम मासा भरून बंद केली, एक घरात सावलीत गार करून मग बंद केली, दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिलीत थेंब आले, दुसरीत नाही. गोणीतून ऊब निघून जाते, पिशवीतून जाऊ शकत नाही. इतकी साधी गोष्ट. पण ती कळायला माझा एका पूर्ण हप्त्याचा माल कुजावा लागला. त्या दिवशी मी मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसले. नववीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे. काय काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक गोष्टीच्या खाली ती न केल्यास काय होतं ते. लिहिताना कळलं की ज्या पायरीखाली ‘नाही केलं तर’ लिहायला माझ्याकडे काही नव्हतं, ती पायरी मी नुसती सवयीने करत होते. अशा दोन काढून टाकल्या. उरल्या अकरा.

नववी अशी होती: ‘उन्हातून उतरवलेला मासा लगेच पिशवीत भरू नका. घरात, चटईवर, एकाच थरात पसरा. वर सुती कपडा. पूर्ण गार झाला की नाही हे बोटाने कळत नाही, गालाला लावून बघा. ऊब लागली तर थांबा. नाही थांबलात तर पिशवीत पाणी सुटेल आणि बुरशी येईल.’

मॅडम, ही खोडलीत तुम्ही.

कागदावर पायऱ्या लिहिण्याची ताकद मला खरी कळली ती सरावलीत. तिथे एक बिहारकडची बाई होती, नवरा कारखान्यात पाळीवर. मी तिला बोंबलाची पिशवी विकली, कशी करायची ते तोंडाने भरभर सांगितलं, आणि पुढच्या गल्लीत गेले. पुढच्या आठवड्यात ती दारातच कंबरेवर हात ठेवून उभी.

“मौसी, ये क्या दे के गई तुम? पूरी बिल्डिंग हमको गाली दे रही है!”

“क्या किया तुमने?”

“तल दिया. जैसा का तैसा. धुआँ, बास... ऊपरवाली तो थाने जाने को बोल रही थी.”

“मैंने बोला था पहले काटने का, भिगोने का.”

“तुम इतना जल्दी बोलती हो, हमको समझ में क्या आएगा? दाम बोलना हो तो बराबर धीरे बोलती हो.”

हे मला लागलं, कारण खरं होतं. तिथेच तिच्या पायरीवर बसले, तिच्याच हातून हिंदीत लिहून घेतलं: डोकं, शेपटी, पंख कापा. तीन तुकडे करा. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, पिळून काढा. मग कांदा, लसूण, टोमॅटो. चारच ओळी. मी सांगायचे, ती लिहायची, आणि न कळलेलं लगेच विचारायची. “कितना देर?” “नरम होने तक.” “कितना नरम?” “उँगली से टूटे, लेकिन खुद से ना बिखरे.” हेही लिहिलं. त्या चिठ्ठीच्या झेरॉक्स काढून प्रत्येक पिशवीत टाकायला लागले. तेव्हापासून एकही पिशवी तक्रार घेऊन परत आली नाही, आणि ज्यांनी जन्मात बोंबील पाहिला नव्हता त्या बायका दुसऱ्यांदा मागायला लागल्या. वरच्या मजल्यावरची ती ठाण्यात जाणारीसुद्धा.

बाजारातल्या दोघी म्हणाल्या, “येडी हायस. करायचं कसं ते सांगून टाकलंस, आता तुझ्याकडं कोण येईल?” मी म्हटलं, “तुमच्याकडे तरी कोण येतंय?” खरं सांगायचं तर हिशोब मी केला होता. माणसाला जमलं तर माणूस परत येतो. फसला तर तुमचं तोंडही बघत नाही. यात दानधर्म काही नाही. मी धर्मादाय चालवत नाही.

या चिठ्ठीची गोष्ट कोणीतरी पालघरला पोचवली. एका संस्थेच्या मॅडम गाडी घेऊन आल्या. आमच्या गावात बायकांचा गट होता, नावापुरता. त्याला मशीन मिळणार होतं, पिशव्या मिळणार होत्या, बोईसरच्या प्रदर्शनात टेबल मिळणार होतं. अट एकच, सगळ्यांचा माल सारखा हवा. त्यासाठी प्रत्येकीच्या हातात कृतीचं कार्ड हवं.

“मावशी, तुमच्याकडे लिहिलेलं आहे म्हणे सगळं?” मॅडम म्हणाल्या. “किती छान! आम्हाला द्याल का?”

“काय मिळेल?”

त्या जरा गडबडल्या. मला बरं वाटलं. समोरचा गडबडल्याशिवाय सौदा सुरूच होत नाही.

पैसे मी मागितले नाहीत. मागितले असते तर एकदाच मिळाले असते, आणि बायका म्हणाल्या असत्या की हिने आपल्याला विकलं. मी दुसरंच मागितलं. अक्षर मोठं हवं, चाळीशी लागलेल्या बायकांना वाचता येईल एवढं. कार्ड प्लास्टिकमध्ये चिकटवलेलं हवं, कारण आमचे हात ओले असतात. भोक पाडून दोरी हवी, वलांडीच्या बांबूला अडकवता येईल अशी. भाषा आमची राहू द्यायची, ‘निर्जलीकरण’ वगैरे घालायचं नाही. सतरा नाही, वीस कार्डं छापायची, तीन जास्तीची, कारण हरवतातच. मॅडम प्रत्येक गोष्टीवर “हो, हो, नक्की” म्हणत गेल्या. तासभर बसवलं त्यांना. शेवटी जाताना हसून म्हणाल्या, “मावशी, तुमच्याशी बोलायचं म्हणजे घाम फुटतो.”

मी खूश. एक गोष्ट मागायची राहून गेली. छापण्याआधी मला दाखवा, हे म्हटलंच नाही. इतकी वर्षं बाजारात बसते, वजन करताना समोरच्याचा अंगठा तराजूवर आहे की नाही हे बघितल्याशिवाय मी काही घेत नाही, आणि माझा कागद मात्र न बघता छापायला सोडला. एक शहाणपण तेवढं केलं. देण्याआधी मुलीच्या फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला.

प्रशिक्षण त्यांनी बाजाराच्या दिवशी ठेवलं. मी म्हटलं, त्या दिवशी मी बोईसरला असते. मॅडम म्हणाल्या, “काही हरकत नाही मावशी, आमचे तज्ज्ञ आहेत. तुमचं काम तर झालंच आहे.” संध्याकाळी परत आले तर शेजारची काकी, गटातली सगळ्यांत वयस्क, जास्तीची तीन कार्डं घेऊन दारात उभी. पोरीबाळींना शिव्या घालणारी बाई, पण त्या दिवशी तिचा चेहरा उजळलेला.

“तुझं हाय ना गो हे? आमी सगळ्यांनी वाचलं. मला पण वाचता आलं, चष्मा नाय तरी.”

अक्षर मोठं होतं. प्लास्टिक होतं. दोरी होती. खाली संस्थेचं चिन्ह आणि प्रशिक्षणाच्या उद्घाटनाचा जुना कुठलातरी फोटो, चार माणसं फीत धरून. माझं नाव नव्हतं. ते मला दिसलं, पण मी सोडून दिलं. पहिल्या तीन ओळी वाचल्या, माझ्याच शब्दांत होत्या. त्यातलं एक कार्ड भिंतीवर लावलं. पायऱ्या मोजल्या नाहीत. लोकांच्या टोपलीतले बोंबील मी नजरेने मोजते, आणि स्वतःच्या पायऱ्या मोजल्या नाहीत. याचा दोष माझा, तो मी घेते. दुसऱ्याचा माझ्यावर टाकू देणार नाही.

हंगाम जोरात होता. बायकांनी कार्ड बांबूला बांधलं आणि अक्षर न् अक्षर पाळलं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दोन बोटं अंतर लिहिलं होतं तर बोटं लावून मोजत होत्या. आठवी पायरी, मधोमध वाकवून कडकन तुटतो का बघा. तुटला की कार्डावरची पुढची ओळ होती, ‘वजन करून पिशवीत भरा.’ त्यांनी भरला. वलांडीखालीच मशीन नेऊन ठेवलं होतं, हातोहात काम व्हावं म्हणून. उन्हातला मासा, थेट पिशवीत, थेट मशीनखाली. त्या दिवशी मी सरावलीला होते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या पिशव्या आतून ओल्या दिसायला लागल्या. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने परत आणून आपटली. संस्थेच्या माणसाने सगळा माल उचलून गावात पाठवून दिला. काकीने एक पिशवी माझ्या ओट्यावर फेकली. आतून पांढरी लव, मला ओळखीची.

“हे बघ तुझं शिकवणं!”

“काकी, तुमी गार केलेले?”

“काय गार?”

“भरायच्या आधी. सावलीत पसरून.”

“कुठं लिवलंय?” काकी ओरडली. मागे आणखी पाच-सहा जणी. “दाखव! कार्डावर दाखव! आमी लिवलेलं केलं. एक पण सोडलं नाय.”

भिंतीवरचं कार्ड काढलं. तेव्हा पहिल्यांदा मोजलं. दहा. फोनवरचा फोटो काढला, मोठा केला. अकरा. मी काकीला दोन्ही दाखवलं. तिने दोन्हींवरून बोट फिरवत पायऱ्या मोजल्या आणि म्हणाली, “म्हणजे तुला म्हाईत होतं. नि आमाला सांगितलं नाय.”

“मी लिहून दिलं होतं!”

“आमच्या हातात आलं ते आमी वाचलं. तू कुठं होतीस त्या दिवशी? बाजारात. आपला धंदा करत.”

दुसरी म्हणाली, “हिनंच काढलं असेल. आपला माल खराब झाला की हिचा खपतो.”

त्या बाईला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलताना मला दिसत होतं की तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आमच्याकडे ज्याला येतं तो लपवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मोठी जाऊ आपल्या ओट्यावर बसून हे ऐकत होती. तिने नुसती मान हलवली. ती मान हलवणं मला त्या सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात पालघर गाठलं. मॅडम खुर्चीत होत्या.

“मावशी, या ना. आम्हालाही खूप वाईट वाटलं.”

“माझा कागद काढा.”

“कोणता?”

“मी हाताने लिहिलेला. फायलीत असेल.”

टाळाटाळ झाली, मग निघाला. माझ्या नववीवर लाल पेनाची आडवी रेघ. बाजूला लिहिलेलं, ‘सर्वांना माहीत. वगळा.’

“हे कोणी लिहिलं?”

“अहो, ते... म्हणजे, कार्डावर जागेचा प्रश्न होता. आणि गरम मासा भरू नये हे तर तुम्हा लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीतच असतं ना! आम्ही तुम्हाला काय सांगणार?”

बघा कसं आहे. मासा आम्हाला माहीत असतो हे त्यांना माहीत. पण आमच्या पिढ्यांनी मासा गोणीत भरला, टोपलीत भरला. पिशवी आणि मशीन तुम्ही आणलंत. गोणीतल्या माशाला ही पायरी लागत नाही, पिशवीतल्याला लागते. बायकांना ती माहीत नव्हती, कारण माहीत असण्याचं कारणच आजवर नव्हतं. कागदावरची हीच एक ओळ त्यांच्यासाठी सर्वांत नवी होती, आणि हीच तुम्ही जुनी म्हणून काढलीत. मला एकदा विचारलं असतंत तर एका वाक्यात सांगितलं असतं. माझा नंबर होता तुमच्याकडे. तुम्हीच सकाळ-संध्याकाळ फोन करत होतात, कागद मिळेपर्यंत.

जागेचा प्रश्न म्हणाल्या म्हणून मी कार्ड पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. फीत धरलेल्या चार माणसांच्या फोटोवर चार बोटं ठेवली. बरोबर बसली. मग मूळ कागदावर माझ्या नववीवर बोटं ठेवली. तीन पुरली.

“ही माणसं काढली असती तर ओळ बसली असती,” मी म्हटलं. “यातला एक तरी मासा वाळवतो?”

मॅडम लाल झाल्या. “मावशी, आवाज चढवू नका. पुढच्या छपाईत दुरुस्त करू. आता बायकांना तुम्ही जरा समजावा.”

“आणि अहवालात काय लिहिलंय तुम्ही?”

हे मला कळलेलं आहे याची त्यांना कल्पना नव्हती. प्रदर्शनातून माल परत आणणाऱ्या माणसाने मला सांगितलं होतं. त्याला मी एकदा चांगला मासा रास्त भावात दिला होता, तो विसरला नव्हता. मॅडमनी फाइल झाकायचा प्रयत्न केला, मी वाचली. खाली सही त्यांचीच. हंगाम संपला की मशीन परत घेण्याची शिफारसही त्यांचीच.

“ती एक औपचारिकता असते,” त्या म्हणाल्या. “वर काहीतरी कारण द्यावं लागतं.”

तर कारण म्हणून सतरा बायका दिल्या. ज्यांनी बोटं लावून अंतर मोजलं त्या.

गावात परतले आणि दुकानातून न पुसणारं काळं स्केचपेन आणलं. दारोदार गेले. कार्डाच्या खाली, त्या फोटोवरच, नववी पायरी हाताने लिहून द्यायला. पाच घरांनी दार लावून घेतलं. दोघींनी कार्ड चुलीत घातल्याचं सांगितलं, त्यांना जास्तीच्या तिनांतली दोन दिली. काकीने कार्ड पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. मी लिहीत असताना ती वरून बघत होती.

“आता अजून काय राहिलंय ते पण लिव. उद्या म्हणशील, बारावी पण होती.”

“राहिलं असेल नि मला कळलं, तर त्याच दिवशी येऊन लिहीन. मी मोठी जाऊ नाय.”

“बघू,” काकी म्हणाली. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरात चटई पसरलेली दिसली, वर जुनं लुगडं, आणि ती वाकून एक बोंबील गालाला लावत होती. मला पाहून तिने तोंड फिरवलं. अजूनही बोलत नाही. नाही तर नाही. तिचा माल बुरसला नाही, तो मी बाजारात स्वतः बघितला.

मला कोणी म्हणतं की एवढ्या एका ओळीसाठी इतका वैताग कशाला. ओळीसाठी नाही. आयुष्यात पहिल्यांदा या बायकांनी छापील कागदावर विश्वास ठेवला होता. कोणाच्या पाठीमागून डोकावून, कोणाच्या शिव्या खाऊन शिकायच्या ऐवजी वाचून शिकल्या होत्या, चष्म्याशिवाय. तो विश्वास तुम्ही लाल रेघ मारून घालवलात. आता पुढची कोणी बाई वही घेऊन बसेल तेव्हा तिला घरचेच सांगतील, नको लिहू, त्या घिवलीवालीचं काय झालं बघितलंस ना. आणि मुठी पुन्हा मिटतील.

तेव्हा मॅडम, पुढच्या छपाईची गोष्ट करू नका. हंगाम संपायच्या आत, मशीन न्यायच्या आधी, गावात या. गाडी लांब ठेवा, वलांडीपर्यंत चालत या. सतरा बायकांना समोर बसवते मी. त्यांच्यासमोर तो लाल रेघ मारलेला कागद उघडा आणि सांगा की रेघ तुमची आहे. मग अहवाल काढा, ‘महिलांनी पालन केले नाही’ हे वाक्य तुमच्याच पेनाने खोडा, आणि त्या जागी कोणी काय केलं ते लिहून खाली सही करा. सूचना कोणी पाळली नाही, मॅडम? नाव सांगा.